पदरचे दोन आठवडे

डॉक्टर कुंकळ्येकरांनी पुठ्ठ्याची चकती फिरवली
आणि म्हणाल्या, सहावा पुरा झाला.
मी टेबलाखाली बोटं मोजली. पुन्हा मोजली.
म्हटलं, चारच होतात डॉक्टर, ओढूनताणून.
रोहिदास एकोणीस तारखेला दाबोळीला उतरला,
त्याआधी सात महिने जहाजावर होता.
त्या हसल्या नाहीत. हिशेब असाच धरतात, म्हणाल्या,
शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.
म्हणजे तू नव्हतंसच,
तुझा बाप मस्कतच्या पलीकडे कुठेतरी डबाबंद राजमा खात होता,
तेव्हाचेही दोन आठवडे तुझ्या खात्यावर.

तुला सांगायला हवं, मी वजनमापं खात्यात आहे.
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तागड्या तपासते,
वजनांवर यंदाचा शिक्का मारते.
पाच ग्रॅमसाठी एका मिरचीवाल्याशी
अर्धा तास उन्हात भांडलेली बाई मी,
आणि माझ्याच पोटात हे राजरोस चुकीचं माप.

मला वाटायचं, उलटी सकाळी होते.
एकदाच. सिनेमातल्यासारखी, बेसिनकडे धावत,
मागे कुणाचातरी समजून चुकलेला चेहरा.
सकाळी मी ठणठणीत असते.
माझी वेळ सव्वासहाची, पर्वरीच्या बसची पायरी.

मला वाटायचं, मासळीचा वास सोसणार नाही.
उलट तिथेच, बर्फाच्या पाण्यात चपला भिजवत,
बांगड्यांच्या पाट्यांमध्ये मी काय ती सुखात असते.
सोसत नाहीत त्या जाया.
लग्नात ज्यांच्यासाठी हट्ट धरला होता, त्याच.
कुणी फाती माळून शेजारी बसलं
की माझं तोंड खिडकीबाहेर.

आंबट खावंसं वाटेल म्हणून
सासूबाईंनी बिंबलं आणून ठेवली, टोपलीभर.
मला हवी पेज. पांढरी, कोमट,
आजाऱ्याला देतात ती, मिठाचा खडा घालून.
बिंबलं रोहिदास खातो. त्याचंच वजन वाढलंय.

आणि पोट.
आरशासमोर आडवी उभी राहून मी हात ठेवला,
डोळे भरून आले,
मग ढेकर आला आणि पोट गेलं.

एका रात्री तपकिरी डाग दिसला, नखाएवढा.
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं,
ना आईने, ना त्या गुलाबी पुस्तिकेने.
मी बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले
आणि पहिल्यांदा तुझ्याशी बोलले. काय, ते आठवत नाही.
बहुतेक, थांब.
डॉक्टरांनी रात्रीच तपासलं. कधीकधी होतं, म्हणाल्या.
ठोका अजून दिसत नाही, दहा दिवसांनी या.
कधीकधी. दहा दिवसांनी.
असल्या मापांवर शिक्का कसा मारायचा?

काल एस्पेरांसाची तागडी तपासली.
किलोमागे वीस ग्रॅम जास्त.
जास्त! गिऱ्हाईकाच्या बाजूने.
कायद्याने चूक ती चूकच, मी वही उघडली.
ती म्हणाली, "म्हजी आवय अशेंच मापताली."
मग माझ्या पोटाकडे नाही, तोंडाकडे बघत,
"कितलो म्हयनो?"
आईला अजून सांगितलं नव्हतं मी.
तीन महिने कुणाला सांगायचं नसतं म्हणतात,
पण ही विचारत नव्हती, तोलत होती.
म्हटलं, सहा आठवडे. त्यातले दोन खोटे.
"फट न्हय गो बाय," ती म्हणाली,
"ते वयर घातिल्ले."
आणि दोन बांगडे पिशवीत टाकले, न तोलता.

नोटीस मी लिहिली. लिहावीच लागते.
तारीख मात्र पुढच्या शुक्रवारची घातली.

सव्वासहा वाजले. बस आली.
पिशवीतून पाणी ठिबकतंय,
आणि पुढच्या सीटवर, देवा,
हातभर लांब जायांची फाती.